फुली मारलेला टेन्शनर

१

व्हॅन दोरीला बांधून ओढत आणली, तेव्हा गॅरेजमधले सगळे हातातली कामं टाकून पुढे आले. डायलिसिसच्या पेशंटांना दवाखान्यात नेणारी ही पांढरी व्हॅन सकाळी चढावर बंद पडली होती. आतली आजारी माणसं कडक उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली. त्यांतल्या एका आजोबांना धाप लागली, तेव्हा कुणीतरी गाडी थांबवून त्यांना थेट दवाखान्यात नेऊन पोचवलं. ते वाचले, पण त्यात या गॅरेजचं काही कर्तृत्व नव्हतं.

गॅरेजचे मालक आप्पा यांची मोठी मुलगी, थोरली, इथली इंजिनं बघायची; तिनं व्हॅनच्या इंजिनाचं पुढचं झाकण काढलं. टायमिंग चेन दात सोडून सरकली होती. ही चेन सरकली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ चुकते, ते एकमेकांवर आदळतात आणि चांगलं धडधाकट इंजिन क्षणात भंगार होतं. तसं होऊ नये म्हणून चेनला कायम रेटून धरणारा एक बोटभर भाग असतो. त्याला टेन्शनर म्हणतात. कपडे वाळत घालायची दोरी सैल पडली की खालून काठीचा टेकू देतात ना, तसलं त्याचं काम. व्हॅनचा झिजलेला टेन्शनर थोरलीनं गेल्याच महिन्यात काढून नवा बसवला होता.

आप्पांनी पुढे होऊन टेन्शनर बाहेर काढला, डाव्या हातात धरून उजेडात फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला. त्याच्या आतल्या अंगावर कानशीनं ओढलेली फुली होती.

"ही फुली कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली. नाही म्हणायची सोयच नव्हती. बाद झालेल्या भागावर फुली मारायची तिची सवय पंचक्रोशीला ठाऊक होती.

"म्हणजे हा जुना. बाद झालेला. नवा बसवला म्हणून सांगितलंस आणि जुनाच ठेवलास."

मागे उभे असलेले जावईबापू खाकरले. धाकट्या भावानं खाली मान घातली. आप्पा शांतपणे पुढे म्हणाले, "व्हॅनवाल्या बाई चार वाजता येतायत. त्यांच्यासमोर माफी मागायची. आणि उद्यापासून इंजिनाला हात लावायचा नाही. टायर बघ, गाड्या धू. इंजिनाला बाहेरचा मिस्त्री आणू."

"माफी मागणार नाही," थोरली म्हणाली. "मी नवा बसवलाय."

"मग हा काय आभाळातून पडला?"

इंजिन हातातून जाणं म्हणजे तिच्या लेखी श्वास बंद होण्यासारखं होतं. तिनं टेन्शनर फडक्यात गुंडाळून खिशात घातला आणि चार वाजायच्या आत या प्रश्नाचं उत्तर आणायचंच, असं ठरवून टाकलं.

२

थोरलीला आधी राग आला, मग विचार सुचला. तिचा तसाच क्रम होता.

भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसून तिनं फुलीकडे पाहिलं. फुली भागाच्या आतल्या अंगाला होती. टेन्शनर इंजिनात बसलेला असताना ते अंग दिसतच नाही, तिथे कानस पोचणं तर दूरच. म्हणजे फुली मारण्याआधी तो इंजिनाबाहेर आलेला असला पाहिजे; जुना जागचा हललाच नाही, हे खरं नाही.

तिनं हे धाकट्याला ऐकवलं. स्टोअरची खिडकी त्याच्या ताब्यात होती आणि खिडकीइतकंच त्याचं जग होतं.

"ताई, राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण त्या दिवशी गर्दी होती. तू जुना काढलास, फुली मारलीस, मध्येच कुणी हाक मारली, परत येऊन तोच उचललास आणि लावलास. माणूस आहे, चुकतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरगं म्हणत होतं त्यात खोट नव्हती. असं घडू शकतं. मग व्हॅनचा स्वतःचा जुना टेन्शनर कुठे गेला? बाकीचे बाद भाग भंगाराच्या पिंपात जातात. मागेल त्या गिऱ्हाइकाला मात्र ती देते.

आणि एकदम तिला आठवलं. बाईंनी मागितला होता.

"मी आलेच," म्हणत तिनं स्कूटर काढली.

३

व्हॅनवाल्या बाईंचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडलं ते आदरातिथ्यासाठी नव्हे.

"चार वाजता येणारच होते मी. आधीच कशाला आलीस? रडायला?"

"रडायला मला वेळ नाही, काकू. गेल्या महिन्यात मी काढलेला जुना भाग तुम्ही मागून घेतला होता. आहे अजून?"

बाई आत गेल्या आणि हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या तळहातावर टेन्शनर होता. "हा बघ. हवेनं दार आपटतं म्हणून खाली लावते." त्यावरही फुली होती.

थोरलीनं खिशातला बाहेर काढून शेजारी धरला. दोन टेन्शनर, दोन फुल्या, आणि दोन्ही फुल्या तिच्याच. एका इंजिनात टेन्शनर एकच असतो. बाईंचा जुना जर इथे दाराखाली होता, तर व्हॅनमधून निघालेला हा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता. कधीतरी तिनं काढलेला, फुली मारलेला आणि पिंपात टाकलेला.

"म्हणजे तू विसरली नव्हतीस," बाई सावकाश म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता, पण राग तसाच होता. "मग माझ्या माणसांना रस्त्यावर कुणी बसवलं?"

"तेच शोधतेय. हा तुमचा घेऊन जाते, चार वाजता लागेल."

"आणि मी फोन केला तेव्हा तरी कुणी ऐकायचं होतं! गाडी सकाळी सुरू केली की खळखळ वाजायची. मी गॅरेजला फोन केला, तर आप्पा म्हणाले, काही नाही बाई, इंजिन तापलं की थांबतं."

थोरली स्कूटरजवळ थबकली. असा फोन आल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

४

परत आल्यावर तिनं भिंग घेऊन फुलीचा कोपरान् कोपरा तपासला. एका रेघेच्या टोकाला करड्या रंगाचा कण चिकटला होता. नखानं टोकरला तर भुगा पडला. पुट्टी! कुणीतरी फुलीत पुट्टी भरून, घासून, वर रुपेरी रंग मारला होता. बसवताना तिला फुली दिसली नाही ती म्हणून. गरम तेलानं महिन्याभरात पुट्टी धुऊन निघाली आणि फुली पुन्हा वर आली.

आता ध्यानात आलं. टेन्शनर नंतर कुणी बदलला नव्हता. तिनंच, स्वतःच्या हातांनी, नवा समजून खोक्यातून काढून बसवला होता.

पुट्टी आणि रंग हा जावईबापूंचा प्रांत. धाकट्या बहिणीचा हा नवरा शेडच्या पलीकडच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग करायचा आणि आपल्या कामाला कायम 'कला' म्हणायचा. ते नाकाला फडकं बांधून एका गाडीच्या दाराला रंग मारत होते.

"जावईबापू, तुमच्या पुट्टीचा डबा कोण वापरतं?"

"कोण नाही वापरत ते विचारा, ताई!" त्यांनी फडकं खाली ओढलं. "खिडकीच्या भेगेला आई नेतात. धाकटे त्यांच्या फळीला नेतात. डबा माझा आणि मालकी सगळ्या घराची. का, काय झालं?"

तिनं फुली दाखवली. जावईबापूंचा चेहरा पडला. "मला संशयात धरताय? अहो, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. आणि मी भरलेली पुट्टी महिन्यात निघाली, तर मी धंदा बंद करीन. तेलात बुडणाऱ्या भागाला कुणी पुट्टी भरतं का? हे काम पुट्टीतलं काही न कळणाऱ्याचं आहे." त्यांनी रंग फवारायची बंदूक उचलली, चाप दाबून पाहिला. "ही बघा, हिची स्प्रिंग तुटली तर ती वळून घ्यायला मी आप्पांकडे गेलो. ज्याचं काम त्यानं करावं."

अपमान झालेल्या कलावंताचा राग खोटा वाटत नव्हता. तिनं धाकट्याची खिडकी गाठली.

"नवे टेन्शनर आणतोस कुठून?"

"ठोक बाजारातून. पक्क्या बिलानं," तो फणकारला. "आता मी चोर का?"

"चोरी कुठे म्हणतेय? फळीवरून काही कमी झालंय का?"

धाकटा घुटमळला. कान खाजवला. "कमी नाही गं. जास्त."

"म्हणजे?"

"वाटायचं, एकच खोकं राहिलंय, आता मागवायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन. म्हटलं आपलीच मोजण्यात चूक. कमी भरलं तर मी बोंब मारतो. जास्त भरलं तर कोण बोंब मारतो?"

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. चोर घेऊन जातो. हा माणूस आणून ठेवत होता.

५

नवा टेन्शनर खोक्यातून येतो तेव्हा त्याचा दट्ट्या दाबलेला असतो, आणि तो उसळू नये म्हणून आरपार एक बारीक पिन घातलेली असते. भाग बसवला की पिन उपसायची. दट्ट्या पुढे येऊन चेनला रेटतो. थोरली ती पिन पकडीनं पिळून उपसते. त्यामुळे पिनेला एक बाक येतो. उपसलेल्या पिना ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते, का म्हणून विचारलं तर तिलाही सांगता आलं नसतं.

पिंपातला जुना टेन्शनर नवा म्हणून खपवायचा तर त्याला पिन लागणारच. तिनं खिळ्यावरचा जुडगा उतरवून बाकावर पसरला. प्रत्येक पिनेला एकेक बाक. आणि मध्येच तीन अशा, ज्यांना दोन-दोन बाक होते. जुना बाक ठोकून सरळ केल्याची खूण स्पष्ट दिसत होती. व्हॅनच्या वेळी पिन अडकून आल्याचं तिला आठवलं. तेव्हा तिनं नव्या मालाला शिव्या घातल्या होत्या.

पिना या खिळ्यावरून गेल्या होत्या आणि याच खिळ्यावर परत आल्या होत्या. म्हणजे ठोक बाजारवाला सुटला, भंगारवाला सुटला. जे काही झालं ते या छपराखाली झालं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

फळीवर टेन्शनरची दोन खोकी होती. दोन्ही फोडून भाग बाकावर ठेवले, व्हॅनमधला शेजारी ठेवला आणि तिन्हींच्या स्प्रिंगा काढल्या. गाडी थंड असताना तेलाचा दाब नसतो; चेनला तेवढा वेळ एकटी स्प्रिंगच सांभाळते. व्हॅनमधली स्प्रिंग बोटानं दाबली तर मेल्यासारखी पडून राहिली. साध्या तारेची होती ती, गरम तेलात तिचा जीव गेला होता.

मग तिनं तिन्ही स्प्रिंगा उजेडात ओळीनं उभ्या केल्या. एकीचे वेढे नेहमीच्या स्प्रिंगेसारखे उजवीकडे चढत होते. व्हॅनमधलीचे डावीकडे. दुसऱ्या खोक्यातलीचेही डावीकडे.

थोरली बाकावर बसली. आईनं चहा ठेवला, तो निवून गेला. उत्तर सापडलं होतं. आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं एक क्षणभर तिला खरंच वाटलं.

६

चार वाजता व्हॅनवाल्या बाई आल्या. आप्पांनी खुर्ची पुढे केली, थोरलीला हाक मारली. "ये. काय बोलायचं ते बोल."

"बोलते. पण माफी नाही मागत."

तिनं व्हॅनमधला आणि बाईंच्या दाराखालचा असे दोन्ही टेन्शनर बाकावर ठेवले, फुल्या वर करून. एका इंजिनातून दोन निघत नाहीत, हे सांगितलं. पुट्टी दाखवली, दोन बाकांच्या पिना दाखवल्या. धाकट्याकडून खोकी वाढल्याची हकीकत वदवून घेतली. जावईबापू नको इतक्या जोरानं मान हलवत होते.

"पोट भरायला हे कुणी केलं नाही," ती म्हणाली. "फुकट वस्तू फळीवर ठेवून कुणाचं पोट भरतं? ज्यानं केलं त्याला एवढंच बघायचं होतं, की मी बाद ठरवलेला भाग अजून चालतो. मी म्हणते, चेन वाजायच्या आधी टेन्शनर बदला, वाजल्यावर उशीर झालेला असतो. त्याला ते पटत नव्हतं. वाजतंय असा फोन आला तेव्हा तोच फोनवर होता, आणि मला त्यानं सांगितलं नाही. आणि तार वळून स्प्रिंग करणारा या घरात एकच माणूस आहे. तो डावखुरा आहे. त्याच्या स्प्रिंगेचे वेढे उलटे पडतात. जावईबापू, बंदूक आणा. वळून घेतलेली स्प्रिंग काढून बघा."

बंदूक आणायची वेळ आली नाही. आप्पा उठले.

"हो, मी केलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात शरम नावालाही नव्हती. "लपवून केलं, कारण सांगून तू ऐकली नसतीस. चालती वस्तू पिंपात फेकायची म्हणजे काय? अख्खं आयुष्य मी भाग दुरुस्त करून गाड्या चालवल्या. तू आलीस आणि ठरवलंस, मोडायच्या आधीच बदलायचं. मी केलं ते सगळं मग चुकीचं का?"

"आणि आज सकाळी? फुली दिसली तेव्हा तुम्हाला कळलं होतं कुणाचा भाग आहे ते. तरी मला पुढे केलंत."

"वाटलं, व्हॅनचं दुसरंच काही असेल. चढावर रेटली असेल. असला पहिला भाग मी माझ्या स्वतःच्या गाडीत बसवलाय, माहितीये? बाकीच्यांचा जीव टांगणीला लावून मी मजा बघत नव्हतो. माझी रोज चालते!"

"कुठे आहे?"

"मागे. आज अजून काढली नाही."

"मग चला. सुरू करा."

सगळे मागच्या अंगणात गेले. बाईही गेल्या. थोरलीनं लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ आप्पांपुढे धरली. "कान लावा. असं इंजिन ऐकायला तुम्हीच मला शिकवलंत."

"मला ऐकायची गरज नाही."

"मग घाबरताय कशाला?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. घरात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी वाकून मुठीला कान लावला, आणि धाकट्यानं चावी फिरवली.

खळखळाट बाईंनासुद्धा ऐकू आला. लोखंडी डब्यात मूठभर खिळे हलवावेत तसा तो काही क्षण चालला आणि मग इंजिन गुळगुळीत घरघरू लागलं. "बघ, थांबला," असं आप्पा म्हणतील म्हणून सगळे वाट बघत राहिले. ते म्हणाले नाहीत. ते तसेच वाकून होते, डोळे मिटून. कान त्यांचा अजून शाबूत होता. आवाज थांबल्यावरही आत चेन कशी आपटतेय ते त्याला ऐकू येत होतं.

त्यांनी खिडकीशी येऊन हात आत घातला, चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"सरकायला आलीय," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. मान वर करायला त्यांना वेळ लागला, पण केली. "बाई, तुमच्या माणसांना मी रस्त्यावर बसवलं. पोरीनं नाही. त्या आजोबांकडे मी येतो."

"यायलाच पाहिजे," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. "आणि माझी व्हॅन कोण करणार?"

"थोरली करेल."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," थोरली म्हणाली. "सकाळी तुम्ही मला इंजिनापासून लांब ठेवत होतात, आप्पा. आता मी लांब राहतेय. तुमचे भाग आणखी कुठल्या गाड्यांत गेले?"

"दोन. नजर ठेवून होतो मी. चालतात का बघायला."

"चालतायत?"

"आजपर्यंत."

थोरलीनं खिशातून फोन काढून आप्पांच्या हातात दिला. "लावा. मी नाही लावणार, धाकटाही नाही. तुमच्या तोंडून कळू दे त्यांना. त्या दोन्ही गाड्या इथे ओढून आणल्या, की मी इंजिनाला हात लावीन. त्यानंतर माझ्या इंजिनात काय बसवायचं, हे या गॅरेजमध्ये मला कुणी विचारायचं नाही आणि लपून ठरवायचं नाही."

आप्पांनी फोनकडे पाहिलं. त्यांचा अंगठा आकड्यांवर अडखळत फिरला. मग त्यांनी फोन कानाला लावला आणि सगळ्यांकडे पाठ केली.

"हां, गॅरेजमधून बोलतोय. तुमची गाडी आहे तिथेच राहू द्या. नाही, सुरू करू नका. अजिबात करू नका, आम्ही ओढून आणतो. आत खराब भाग आहे." ते थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि उत्तर द्यायला त्यांनी भिंतीला हात टेकला. "नाही हो, तिनं नाही. तिला फसवून मी घातला होता."